खताच्या दाण्यावरील औषध : कॅनोला पिकावरील ब्लॅकलेग रोगाचे नियंत्रण

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात सप्टेंबर हा वसंत ऋतूचा महिना होय. आपल्याकडे पावसाळा ओसरू लागलेला असतो, त्या सुमारास तेथील न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांतील शेते कॅनोलाच्या फुलांनी पिवळीधमक झालेली असतात. रस्त्यावरून जाणाऱ्यास ते पीक निरोगी व डौलदार दिसते. परंतु शेतकरी कुंपण ओलांडून आत शिरतो, तेव्हा कधी कधी त्याला निराळेच दृश्य पाहावे लागते. कमरेच्या वर वाढलेली, फुलांनी व कोवळ्या शेंगांनी लगडलेली झाडे जागोजाग आडवी झालेली असतात. वाऱ्याने लोळलेले झाड बुंध्याशी वाकते. ही झाडे बुंध्याशी तुटलेली असतात. एखादे झाड धरून उचलावे, तर ते अनायासे हातात येते आणि मूळ जमिनीतच राहते. तुटलेल्या जागी खोड काळेठिक्कर पडलेले व आतून वाळून गेलेले आढळते.

या रोगास इंग्रजीत ‘ब्लॅकलेग’ म्हणतात. शब्दशः ‘काळा पाय’ असे भाषांतर करता येईल आणि रोगाचे स्वरूप त्यातून बरोबर व्यक्तही होईल. तथापि बटाट्याच्या एका रोगास आणि गुरांच्या एका रोगासही इंग्रजीत हेच नाव असल्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून येथे मूळ नावच कायम ठेवले आहे. गुरांचा व बटाट्याचा रोग जीवाणूंमुळे होतो. कॅनोलाचा ब्लॅकलेग हा लेप्टोस्फेरिया मॅक्युलान्स नावाच्या बुरशीमुळे होतो.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सप्टेंबरात आडव्या पडलेल्या या झाडाचा घात सप्टेंबरात झालेला नसतो. तो मे किंवा जून महिन्यात, झाडाला अवघी दोन-चार पाने असताना झालेला असतो. मधल्या तीन-चार महिन्यांत झाड वाढते, फुलते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यात फारसे वावगे काही दिसत नाही. म्हणजे रोग डोळ्यांना दिसतो, तेव्हा उपायाची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. ही टळणारी वेळ कशी गाठावी, हाच कॅनोलाच्या संरक्षणातील मुख्य प्रश्न आहे. त्याची जी उत्तरे शोधण्यात आली, त्यांपैकी एक उत्तर पेरणीबरोबर जमिनीत पडणाऱ्या खताच्या दाण्यात सापडले.

मोहरीचे भावंड

कॅनोला हे नाव आपल्याकडे तेलाच्या बाटलीवर वाचावयास मिळते, परंतु ते पीक फारसे कोणी पाहिलेले नसते. ज्याने राजस्थानात किंवा हरियाणात हिवाळ्यात फुललेली मोहरी पाहिली आहे, त्याला मात्र कॅनोलाचे शेत ओळखीचेच वाटेल. दोन्ही पिके एकाच कुळातील आणि एकाच प्रजातीतील होत. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नागाहारू ऊ यांनी १९३५ मध्ये या वनस्पतींची वंशावळ उलगडून दाखविली. सलगम व काळी मोहरी यांच्या संकरातून आपली राई उत्पन्न झाली. सलगम व कोबी यांच्या संकरातून युरोपातील ‘रेप’ हे तेलबी उत्पन्न झाले. कॅनोला हे बहुतांशी या रेपचेच सुधारलेले रूप आहे.

सुधारणा करण्याचे कारण असे होते की, रेपच्या तेलात एरुसिक आम्लाचे प्रमाण मोठे असे आणि त्याच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट या वर्गातील तिखट द्रव्ये असत. मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तो याच वर्गातील द्रव्यांचा प्रताप होय. माणसाला तो रुचतो. कोंबड्या-डुकरांना मात्र अशी पेंड पुष्कळ खाऊ घालता येत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे बाल्डर स्टेफान्सन आणि सस्कॅटून येथील कीथ डाउनी यांच्या प्रयत्नांनी ही दोन्ही द्रव्ये अत्यल्प असलेले वाण तयार झाले. स्टेफान्सन यांचे ‘टॉवर’ हे वाण १९७४ मध्ये प्रसृत झाले, आणि अशा बियाण्यासाठी ‘कॅनोला’ हे नाव १९७८ मध्ये नोंदविण्यात आले.

ऑस्ट्रेलियात रेपची व्यापारी लागवड यापूर्वीच, म्हणजे १९६९ च्या सुमारास सुरू झाली होती. त्या वर्षी तेथे गव्हाच्या विक्रीवर मर्यादा घालण्यात आल्या आणि शेतकरी गव्हाला पर्याय शोधू लागले. कॅनडातून आणलेले वाण त्यांनी पेरले. पीक नवे, जमीन विपुल, भावही बरा. तेव्हा पेरा झपाट्याने वाढला. परंतु १९७१-७२ पर्यंत ब्लॅकलेगने, विशेषतः वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, या पिकाची धूळधाण केली. कॅनडाच्या त्या वाणांना या रोगाशी सामना देण्याची मुळीच शक्ती नव्हती. हजारो हेक्टरांवर गेलेला पेरा दोन-तीन वर्षांत बहुतेक नाहीसा झाला, आणि हे पीक या देशात पुन्हा उभे राहील की नाही याचीच शंका वाटू लागली. पुढे रोगाला दाद न देणाऱ्या वाणांची पैदास होऊन ते उभे राहिले, परंतु त्यास दीड दशकाहून अधिक काळ जावा लागला.

धसकटापासून बुंध्यापर्यंत

या बुरशीचे वर्ष धसकटांत सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरात कॅनोलाची कापणी होते, आणि बुंध्याचे टणक तुकडे शेतातच राहतात. रोगी झाडाच्या धसकटात बुरशी जिवंत असते. उन्हाळा ती तशीच काढते. मार्च-एप्रिलमध्ये शरदाचा पाऊस पडू लागला, की धसकटाच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या कुप्या तयार होतात. दोन भिन्न प्रकारच्या तंतूंच्या मीलनाने या कुप्यांत बीजाणू निपजतात. कुपी भिजली की बीजाणू हवेत उडविले जातात आणि वारा त्यांना वाहून नेतो. त्यांतील काही मैलोगणती जाऊ शकतात. परंतु बहुसंख्य बीजाणू अर्ध्या किलोमीटरच्या आतच खाली पडतात. या अर्ध्या किलोमीटरचे महत्त्व पुढे दिसून येईल.

हा पाऊस तोच, ज्याची शेतकरी पेरणीसाठी वाट पाहत असतो. एकाच पावसाने नवे बी रुजते आणि जुन्या धसकटातील शत्रू जागा होतो. रोप जमिनीतून डोके वर काढते, त्याच्या बीजपत्रांची कोवळी जोडी उलगडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हवेत बीजाणूंचे प्रमाण मोठे असते. निसर्गात शत्रू व भक्ष्य यांच्या वेळा अशा जुळलेल्या पुष्कळदा आढळतात. परंतु येथे ती वेळ माणसाच्या पेरणीनेच जुळवून दिलेली असते.

ओल्या पानावर पडलेला बीजाणू रुजतो आणि त्याचा तंतू पर्णरंध्रातून किंवा एखाद्या बारीक जखमेतून आत शिरतो. दहा-पंधरा दिवसांत त्या जागी मळकट पांढरा डाग पडतो व त्यावर काळे ठिपके उमटतात. हे ठिपके म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या बीजाणूंच्या कुप्या होत. त्यांतील बीजाणू पावसाच्या थेंबाबरोबर शेजारच्या पानावर उडतात, परंतु फार दूर जात नाहीत. डाग पाहून शेतकरी एवढेच ओळखतो की रोग आला आहे. खरा धोका याच्या पुढे आहे. बुरशीचा तंतू डागापुरता थांबत नाही. पानाच्या देठातून तो खाली उतरू लागतो. या प्रवासात तो पेशींना मारीत नाही, पेशींच्या मधल्या फटींतून व जलवाहिन्यांच्या कडेने निमूटपणे सरकतो, आणि झाडाला कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. देठ उतरून तो बुंध्यात, म्हणजे मूळ व खोड यांच्या सांध्यात पोहोचतो. तेथे स्थिरावल्यावर मात्र त्याचे वर्तन पालटते. तो पेशी मारू लागतो, बुंधा काळा पडत जातो, आणि शेंगा भरण्यास पाणी हवे असते त्याच वेळी पाण्याची वाट बंद होते. रोग तीव्र असेल तर खोड तुटते. सौम्य असेल तर झाड उभेच राहते, पण दाणे बारीक राहतात.

जे पान बुंध्याच्या जवळ, त्याच्यापासून बुंध्यापर्यंतचा मार्ग आखूड. म्हणूनच बीजपत्रे व पहिली काही पाने यांवरचा संसर्ग सर्वांत घातक ठरतो. रोपाला सहा पाने फुटण्यापूर्वी जे डाग पडतात, त्यांतूनच बुंध्याची तीव्र कूज बहुधा उद्भवते. तेव्हा संरक्षण द्यावयाचे ते रोपाच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत. परंतु ते कसे द्यावे?

दाण्यावर औषध कसे आले

पहिला विचार फवारणीचा सुचतो. परंतु फवारलेले औषध ज्या पानांवर पडते त्यांचेच मुख्यतः रक्षण करते. रोप दर काही दिवसांनी नवे पान काढीत असते, आणि ते पान उघडेच राहते. शिवाय बीजपत्रे इतकी लहान असतात की, फवारा त्यांच्यावर कमी आणि मातीवर अधिक पडतो. आणि बीजाणू उडतात तेव्हा शेत ओले असल्यामुळे यंत्र आत नेणेही कठीण.

दुसरा विचार बियाण्याला औषध चोळण्याचा. ही रीत जुनी आहे आणि कॅनोलातही तिचा उपयोग होतो. मात्र तिला बियाच्या आकाराची मर्यादा पडते. कॅनोलाचे एक बी तीन-चार मिलिग्रॅम वजनाचे, मोहरीएवढेच. एका हेक्टराला दोन ते चार किलोग्रॅम बी पुरते. एवढ्याशा बियावर किती औषध बसणार? अधिक बसविले तर बीच दबून जाते.

येथे खताचा उपयोग सुचला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील जमिनी पुरातन व झिजलेल्या आहेत. त्यांत स्फुरद फार कमी. म्हणून तेथे पेरणीच्या वेळी बियाजवळच सुपरफॉस्फेटसारखे दाणेदार खत देण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. आपल्याकडील दुचाडी पाभरीत बी व खत जसे वेगळ्या नळ्यांनी जमिनीत सोडतात, तशीच तेथील मोठ्या यंत्रांचीही रचना असते. खत हेक्टरी बियाच्या वीस-तीस पट पडते, ते बियाच्या थोडे खाली किंवा बाजूला पडते, आणि रोपाचे पहिले मूळ त्याच्याच शोधात जाते. मग त्या दाण्यालाच बुरशीनाशक लावले तर? १९८० नंतरच्या दशकात दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियातील कृषिसंशोधकांनी या कल्पनेचे शेतावर प्रयोग केले. फ्लुट्रायाफॉल नावाचे औषध खतावर चढवून, त्याची निरनिराळी मात्रा देऊन, रोग किती घटतो व उत्पन्न किती वाढते हे त्यांनी मोजले, आणि त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ही पद्धत शेतकऱ्यांमध्ये रूढ झाली.

औषधाची मात्रा किती लहान असते हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. हेक्टरी साधारणपणे १०० ग्रॅमच्या आतबाहेर शुद्ध औषध दिले जाते. हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरास १० मिलिग्रॅम आले. तेवढ्या जागेत चाळीस रोपे धरली, तर एका रोपाच्या वाट्यास पाव मिलिग्रॅम पडले, आणि त्यातलेही पुष्कळसे मातीतच राहते. परंतु हे पाव मिलिग्रॅमसुद्धा बियाच्या वजनाचा जवळजवळ चौदावा हिस्सा आहे. बियावर ते चढविणे किती अवघड झाले असते, हे यावरून दिसते. ८० किलोग्रॅम खतात मात्र १०० ग्रॅम म्हणजे आठशेत एक, आणि ते सहज सामावते.

फ्लुट्रायाफॉल हे ट्रायाझोल वर्गातील औषध होय. ते पाण्यात थोडे विरघळते आणि जमिनीत लवकर नष्ट होत नाही. मुळाच्या टोकाशी असलेल्या ओलाव्यातून ते आत जाते व जलवाहिन्यांतून पाण्याबरोबर वर चढते. पाण्याचा ओघ पानांकडे असल्यामुळे औषधही पानांत जमते, आणि नव्या पानालाही मुळाकडून त्याचा पुरवठा होत राहतो. फवारणीला जे साधत नव्हते ते येथे आपोआप साधते. जलवाहिन्यांतील प्रवाह एकाच दिशेचा असल्यामुळे पानावर फवारलेले हेच औषध खाली बुंध्याकडे उतरत नाही; मुळातून घेतलेले मात्र बुंध्यातून जाऊनच पानाकडे पोहोचते.

बुरशीच्या पेशीचे आवरण नीट राहण्यासाठी तिला एर्गोस्टेरॉल नावाचे स्निग्ध द्रव्य लागते. प्राण्यांच्या पेशींत जे काम कोलेस्टेरॉल करते, तेच बुरशीत हे करते. ते तयार होण्याच्या मार्गावरील एका एन्झाइमाला ट्रायाझोल अडकून बसते, आणि बुरशीची वाढ खुंटते. झाडाच्या पेशींत एर्गोस्टेरॉल लागत नाही, म्हणून झाड वाचते. अगदीच निर्धोक राहते असे मात्र नाही. झाडाची उंची वाढविणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य ज्या मार्गाने तयार होते, त्यावरही या वर्गातील औषधांचा थोडा परिणाम होतो. औषध बियाच्या फार जवळ पडले, किंवा बी खोल पेरले गेले, तर कोंब आखूड राहून उगवण लांबते. पेरणी दीड ते तीन सेंटिमीटरांहून खोल करू नये, हा नियम या पिकाला यासाठीही पाळावा लागतो.

खत चढविण्याचे काम विक्रेता किंवा शेतकरी स्वतः करतो. खत मळसूत्री नळीतून वर चढत असताना त्यावर द्रवरूप औषध फवारून ते घोळविले जाते. काम साधे दिसते. परंतु दाणे सारखे भिजले नाहीत तर एका ओळीला दुप्पट औषध व दुसऱ्या ओळीला काहीच नाही असे होते. दाणे पुरते सुकले नाहीत तर नळ्या तुंबतात. औषध अंगावर उडू नये म्हणून हातमोजे व अंगभर कपडे घालून हे काम करावे लागते, हे सांगणे नकोच.

खत मित्र, खत वैरी

औषध वाहून नेण्यासाठी खत उपयोगी पडले, म्हणून खत वाढविले की रोग घटतो असे समजणे चुकीचे ठरेल. स्फुरद वेळेवर मिळालेले रोप जोमाने वाढते, नाजूक अवस्था लवकर ओलांडते, एवढाच त्याचा ब्लॅकलेगच्या बाबतीत लाभ. उलट खत बियाला चिकटून पडले तर त्यातील क्षारांनी व अमोनियाने बी जळते; कॅनोलाचे बी या बाबतीत गव्हापेक्षा कितीतरी नाजूक आहे. नत्राचा मोठा भाग म्हणूनच पेरणीच्या ओळीत न देता नंतर वरून देतात.

नत्राचा प्रश्न आणखी एका रोगाशी जोडलेला आहे, आणि तो रोग आपल्याकडील मोहरी पिकविणाऱ्यासही परिचित असल्यामुळे त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. स्क्लेरोटिनिया या बुरशीने होणारी खोडकूज राजस्थान व हरियाणातील मोहरीवर पडते, तशीच ती कॅनोलावरही पडते. ही बुरशी जमिनीत उंदराच्या लेंड्यांसारख्या काळ्या कठीण गाठींच्या रूपाने वर्षानुवर्षे राहते. गारवा व ओल मिळाली की गाठीतून इवलीशी पेल्याच्या आकाराची छत्रे उगवतात व त्यांतून बीजाणू उडतात. गंमत अशी की, या बीजाणूंना निरोगी खोडात स्वतःहून शिरता येत नाही. त्यांना आधी काहीतरी मेलेले किंवा सुकलेले खाद्य लागते, आणि ते त्यांना फुलांच्या पाकळ्यांत मिळते. पाकळी गळून पानाच्या बेचक्यात अडकते, तिच्यावर बुरशी पोसते, आणि मग तेथून खोडात उतरते. ज्या फुलांनी शेत देखणे होते, तीच अशा रीतीने शत्रूची शिदोरी बनतात.

आता नत्र भरपूर दिले तर झाडे दाट व उंच होतात, पाने एकमेकांत गुंततात, दव दुपारपर्यंत वाळत नाही, आणि पीक लोळले तर रोगी खोड निरोगी खोडाला टेकते. खोडकुजीला याहून सोयीची स्थिती दुसरी नाही. पण म्हणून नत्र तोडावे, असेही करता येत नाही. एक टन बियांसाठी पिकाला सुमारे ८० किलोग्रॅम नत्राचा पुरवठा, जमिनीतील व खतातील मिळून, व्हावा लागतो असा तेथील ढोबळ हिशेब आहे. मध्यम मार्ग असा की, पाऊसमान पाहून नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे, आणि पीक दाट असून फुलोऱ्यात हवा ओली असेल तर पाकळ्या गळू लागण्याच्या सुमारास, म्हणजे मुख्य देठावरील चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याची फुले उमलली असताना एक फवारणी करावी. ज्या वर्षी वसंत कोरडा जातो त्या वर्षी ही फवारणी बहुधा वाया जाते. परंतु निर्णय पाऊस पडण्यापूर्वीच घ्यावयाचा असल्यामुळे शेतकऱ्याला यात थोडा जुगार टाळता येत नाही.

औषधाची मर्यादा

खताच्या दाण्यावरील औषध पाच-सहा आठवडे रोपाला सांभाळते. त्यानंतर पाने वाढतात, औषध तेवढेच राहते, आणि त्याची शक्ती विरत जाते. बीजाणूंचा मारा मोठा असेल तर चार ते सहा पानांच्या अवस्थेत प्रोथायोकोनाझोल व टेब्युकोनाझोल यांच्या मिश्रणासारखे औषध वरून फवारावे लागते. जमीन कोरडी असेल तर मुळाला औषध ओढताच येत नाही. आणि वाण अगदीच दुबळे असेल तर कोणतेही औषध त्याला तारीत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील कृषिशास्त्रज्ञ औषधाला तिसरे स्थान देतात. पहिले स्थान धसकटापासून दूर राहण्याला, दुसरे वाणाच्या प्रतिकारशक्तीला.

या दुसऱ्या गोष्टीचा एक धडा त्या देशाने मोठी किंमत देऊन घेतला. २००० च्या सुमारास ‘सरपास ४००’ नावाचे वाण बाजारात आले. सलगमाच्या एका रानटी भाऊबंदाकडून घेतलेली प्रतिकारशक्ती त्यात होती, आणि तिच्यापुढे ब्लॅकलेगचे काही चालत नसे. पानावर पडलेला डाग सुईच्या टोकाएवढाच राहून वाळून जाई. शेतकऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर पेरले. साउथ ऑस्ट्रेलियाच्या आयर द्वीपकल्पात तर वर्षामागून वर्ष, जुन्या धसकटांच्या शेजारीच. २००३ मध्ये त्या द्वीपकल्पात या वाणाची प्रतिकारशक्ती कोसळली आणि काही शेतांत उत्पन्नाची हानी ९० टक्क्यांपर्यंत गेली. अवघ्या तीन वर्षांचे आयुष्य!

असे का झाले याचे स्पष्टीकरण अमेरिकेतील नॉर्थ डकोटा येथे हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० नंतरच्या दशकात जवस व त्यावरील तांबेरा यांच्या अभ्यासातून आधीच देऊन ठेवले होते. झाडातील प्रतिकाराचे एक जनुक रोगकारकाच्या एका विशिष्ट जनुकाला ओळखते. रोगकारकाने ते जनुक गमावले किंवा बदलले, की पहारेकरी त्याला ओळखत नाही. ब्लॅकलेगची बुरशी दरवर्षी धसकटांत लैंगिक रीतीने बीजाणू निर्माण करते. कोट्यवधी बीजाणूंत असा एखादा बदललेला असतोच. एकच वाण सर्वत्र पेरले म्हणजे त्या एकट्याला सारे रान मोकळे मिळते. आता तेथे वाणांचे त्यांतील प्रतिकार-जनुकांनुसार गट पाडून अक्षरांनी दर्शविले जातात, आणि एका गटाचे वाण दोन-तीन वर्षांनंतर बदलून दुसऱ्या गटाचे घ्यावे, असा सल्ला देण्यात येतो.

औषधाची गतीही याहून निराळी नाही. एका औषधाचा वापर वर्षानुवर्षे, एकाच वर्गातून, बी, खत व फवारा या तिन्ही वाटांनी होत राहिला, तर बुरशीतील जे थोडे तंतू ते सोसू शकतात त्यांचीच प्रजा वाढते. बियाण्यास लावल्या जाणाऱ्या फ्लुक्विनकोनाझोल या ट्रायाझोलला न जुमानणाऱ्या बुरशीची ऑस्ट्रेलियातील नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील तपासात असे दिसले की, ज्या एन्झाइमाला औषध अडकते त्याच्या जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागात जनुकद्रव्याचे परके तुकडे शिरले होते, आणि त्यामुळे ते एन्झाइम नेहमीपेक्षा अधिक तयार होत होते. कुलूप तेच राहिले, पण कुलपांची संख्या वाढली. किल्ल्या पुरेनाशा झाल्या. यानंतर बुरशीच्या श्वसनक्रियेवर आघात करणारी दुसऱ्या वर्गातील औषधे बियाण्यासाठी वापरात आली आहेत. तीही किती वर्षे टिकतील, हे ती किती जपून वापरली जातात यावर अवलंबून राहील.

यामुळेच अर्ध्या किलोमीटरच्या त्या जुन्या, बिनखर्चाच्या उपायाकडे पुनःपुन्हा वळावे लागते. गेल्या वर्षीच्या कॅनोलाच्या धसकटापासून यंदाचे शेत ५०० मीटर दूर असेल तर बीजाणूंचा मारा पुष्कळच कमी होतो. दोन वर्षांपूर्वीचे धसकट त्या मानाने निरुपद्रवी असते. गव्हावर ही बुरशी वाढत नसल्यामुळे मधल्या वर्षी गहू घेण्यास हरकत नसते. मात्र पेरा जसजसा वाढतो तसतशी अशी मोकळी जागा मिळणे दुरापास्त होते. आपल्या शेतात फेरपालट केली तरी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचे धसकट आपल्या हाती नसते.

यंदा आपले संरक्षण पुरे पडले की नाही हे शेतकऱ्यास कसे कळावे? त्यासाठी एक साधी चाचणी आहे. कापणीच्या थोडे आधी, बिया रंग पालटू लागल्या म्हणजे तो हातात छाटणीची कात्री घेऊन शेतात फिरतो आणि निरनिराळ्या ठिकाणची साठेक झाडे उपटून प्रत्येकाचा बुंधा आडवा कापून पाहतो. निरोगी बुंध्याचा काप पांढरा असतो. थोडासा काळा भाग असला तर उत्पन्नास फारशी बाधा नाही. अर्ध्याहून अधिक काप काळा पडला असेल तर त्या झाडाने दाणे गमावले, असे धरतात. अशा झाडांची संख्या तो वहीत टिपून ठेवतो. गेल्या वर्षीपेक्षा ती वाढलेली दिसली, तर पुढच्या एप्रिलात बियाणे दुसऱ्या गटाचे घ्यावयाचे, शेत आणखी दूरचे निवडावयाचे, आणि खतावर औषध चढवावयाचे की नाही, हे त्या वहीवरून ठरते.